एका पायावरचा माणूस

सदू जोशाने पान उन्हाकडे धरलं, डोळे बारीक केले, आणि इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

तसा तो बोलघेवडा माणूस. घुबड कुठल्या दिशेला ओरडलं, पाल कुठल्या खांद्यावर पडली, कुणी विचारायचा अवकाश, याचं उत्तर तयार. त्याच्या झोळीतल्या पोथीत बत्तीस चित्रं होती आणि प्रत्येकाचा अर्थ बापाने छडी मारून पाठ करून घेतला होता. हे पान मात्र त्या बत्तिसांतलं नव्हतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, कडक, गोऱ्या लोकांच्या पत्त्यांच्या खेळातलं. घाटात आगगाडीचा रस्ता फोडायला आलेल्या कुणा परदेशी गवंड्याने ते टाकून दिलं होतं. हिरूने ते उचलून शिमग्याला घरी आणलं होतं.

हिरू म्हणजे या घरच्या येसाजीचा थोरला मुलगा. खोपोलीच्या वर कड्यावरून दोराने खाली सुटायचं आणि लोंबकळत कातळाला सुरुंगाची भोकं पाडायची, हे त्याचं काम. चैत्रात मुकादमाने दोर तुटल्याचा निरोप धाडला. तिघांची प्रेतं दरीत सापडली, हिरूचं सापडलं नाही. आता मार्गशीर्ष लागला होता.

"जोशीबुवा, पान राहू द्या," येसाजी म्हणाला. "तुमी निस्ता दिस काढून द्या."

दिवस कशाचा, ते सदूला ठाऊक होतं. प्रेत न मिळालेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग दहावं, तेरावं, सगळं रीतसर. आणि त्यातच कधीतरी घरच्या बाया त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात.

ती बायको, सुंदरा, ओटीच्या पायरीवर बसली होती. सासऱ्यासमोर एरवी तिचा आवाज कुणी ऐकला नसेल, पण आज तिने पदर खोचला होता.

"आधी पान वाचा," ती म्हणाली. "हा मी हाय, असं पान देताना त्यांनी सोता सांगितलंय."

"पान वाचून काय होनार, पोरी?" आत चौकटीला धरून उभी असलेली हिरूची आई, अंबाबाई, म्हणाली. "पितरांच्या पंधरवड्यात त्याच्या नावानं घास ठेवला. सांज झाली तरी कावळा शिवला नाय. पोर माझं तहानलेलं फिरतंय. त्याला पानी तरी द्या रं कुनी."

सदूने मान खाली घातली. दोघी एकाच माणसासाठी झुरत होत्या. एकीला तो सुटायला हवा होता, दुसरीला परत यायला. कोणतंही उत्तर दिलं तरी या घरात एक बाई मोडणारच होती.

आणि उत्तर द्यायला त्याला तोंड तरी कुठे होतं? दोन दसऱ्यांमागे याच ओटीवर बसून त्याने पोथीच्या पानांत दोरा घालून कौल काढला होता. हत्तीचं चित्र निघालं. हत्ती म्हणजे भरभराट. घाटाचं काम फळेल, बेशक जा, असं तो हिरूला सांगून मोकळा झाला होता. सुंदरा तेव्हा नको नको म्हणत होती. आज त्याला कुणी बोल लावत नव्हतं, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

त्याने पुन्हा पानाकडे पाहिलं. एक तरुण माणूस, हात पाठीमागे, आडव्या लाकडावर एका पायाने उभा. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून त्या पायाआड घेतलेला. दोन्ही बाजूंना फांद्या छाटलेले दोन बुंधे. चेहरा शांत, डोळे टक्क उघडे. कपाळावर कुंकवाचा ठिपका होता, तो सुंदरा रोज लावत असणार.

"उभे हायत का नाय?" तिने विचारलं. "दमलेत म्हून थांबलेत. उभा मानूस मेलेला नसतो."

"झाडं बघ की," येसाजी हळूच म्हणाला. "एक पान नाय त्यांवर. अशी झाडं काय बरं सांगतील, गं?"

सदूला दोघांचंही पटत होतं. पोथीतल्या चित्रामागे निदान बापाचा आवाज असे. या पानामागे कुणीच नव्हतं. तो उगाच ते बोटांत फिरवत राहिला, आणि मग त्याला केस दिसले. त्या माणसाचे केस ताठ वर उभे होते. कुठल्याही वाऱ्यात माणसाचे केस असे राहत नाहीत.

त्याने पान उलटं केलं. केस खाली लोंबले, डोकं खाली आलं. पाय वर गेला, आणि त्या पायाला आडव्या लाकडापासून आलेला दोर बांधलेला दिसला. माणूस उभा नव्हता, उलटा टांगलेला होता. पण बुडत्याला हात लागावा तसा तो दोर त्याच्या हाती लागला.

"येसाजी, अरे पान उलटं धरलं व्हतं तुमी! असं हाय हे. आनि हा दोर बघ. तुटलाय कुठं? शाबूत हाय! दोर तुटला नाय, म्हंजी मानूस पडला नाय. डोळं उघडं हायत त्याचं. हिरू जिता हाय. पुतळा नका करू."

आपण हे मनापासून बोलतोय की स्वतःची सुटका करून घेतोय, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. अंबाबाईने तोंडावर हात ठेवला. सदू सुंदराचा चेहरा उजळायची वाट बघत राहिला.

तिने उठून पान घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"शिमग्याला त्यांनी असंच दिलं व्हतं," ती म्हणाली. "मीच फिरवून डोकं वर केलं. तवा हसले. काय बोलले नाय."

"अगं, पन जिता हाय तो."

"असा?" सुंदराने वर पाहिलं. "चैतापासनं? हात मागं बांधलेलं?"

"त्याच्या तोंडावर बघ की गं. दुखल्याची खूण तरी हाय का?"

"ते कवा सांगायचे दुखलं तर? दोरानं कंबर सोलून निघाली तरी हसायचे." तिने पानातल्या दोरावर बोट ठेवलं. "त्यांना खाली कोन उतरवनार, जोशीबुवा? तुमी?"

सदू घाईघाईने म्हणाला, "पोरी, खेळातलं पान हाय हे. गोऱ्यांचं. त्याला काय अर्थ नाय."

खरं तर एवढंच त्याने आल्या आल्या सांगायला हवं होतं. आता ते कुणी ऐकत नव्हतं. त्याने झोळी मांडीवर ओढली, पुन्हा खाली ठेवली. उठून जावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

सुंदराने पान सासूच्या हातात दिलं. अंबाबाईने ते छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट पकडलं. आठ महिन्यांत या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मामंजी," सुंदरा खाली बघत म्हणाली, "उद्या पळस आना. आपनच उतरवू त्यांना. दिस कुनाला इचारू नका."

येसाजीने मान डोलावली.

ती उंबरा ओलांडून आत गेली. आतून, जरा वेळाने, तिचा आवाज आला.

"पुतळा बांधाल तवा पाय नका बांधू त्यांचं. दोनी मोकळं ठेवा."