स्प्रिंग इंजिनाकडे

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नावाला घाबरू नका. गाडीच्या इंजिनाजवळ, पाण्याच्या वाटेवर बसलेला मी एक दरवान. माझ्या पोटात मेण असतं. इंजिन गार असेपर्यंत मी दार लावून बसतो. ते तापलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. पगार नाही, सुट्टी नाही, आणि कौतुकाचं तर नावच नको.

अकरा वर्षं मी एकाच घरच्या गाडीत काढली. आधी घरचे काका गाडी चालवायचे. इंजिन गार ठेवणारं कूलंट वेळेवर बदलायचे, म्हणून मीही ठणठणीत होतो. मग त्यांची मूत्रपिंडं थकली. ते शेजारच्या सीटवर आले आणि काकू पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकल्या. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला नेऊ लागल्या. कूलंट कमी झालं की त्या नळाचं पाणी ओतायच्या. त्याचा क्षार माझ्या अंगावर चढत गेला. पण मी त्यांना बोल लावणार नाही. नवऱ्याने दिवसभरात किती घोट प्यायचे हे मोजणाऱ्या बाईने गाडीचंही पाणी कधी बघायचं?

त्या दिवशी अकराच्या सुमाराला माझं दार उघडलंच नाही. मी जिवाच्या आकांताने जोर लावला, पण मेण हलेना. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ येऊ लागली. काकूंनी गाडी बाजूला घेतली आणि फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाल्या.

"हात लावू नकोस," काका आतून म्हणाले. "उकळतं पाणी तोंडावर येईल."

तेवढं बोलूनही त्यांना धाप लागली. आदल्या खेपेला हॉस्पिटलचं यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे एक डायलिसिस आधीच चुकलं होतं. पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते. आज एक वाजेपर्यंत पोचलं नाही, तर त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. हॉस्पिटल अजून चाळीस मिनिटांवर. दुसरी गाडी मागवून पाहिली, तर ती यायलाच दीड तास लागणार होता.

नशीब, वळणावरच गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी इंजिन निवू दिलं. ती पाऊण तासाची वाट सर्वांना जड गेली. मग त्यांनी मला बाहेर काढलं आणि उकळत्या पाण्यात एका नव्या थर्मोस्टॅटशेजारी सोडलं. त्याने ऐटीत दार उघडलं. मी ढिम्म. उस्तादांनी मला काकूंच्या हातावर ठेवलं, जणू पडलेला दात.

काकू दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, झालं का? त्या घाईत उस्तादांनी नव्याला उलटा बसवला. स्प्रिंग इंजिनाकडे हवी, ती रेडिएटरकडे आली. आता त्याच्या मेणाला उष्णता लागणार नाही, दार उघडणार नाही, आणि ही दोघं भर रस्त्यात पुन्हा अडकतील. मला दिसत होतं, पण थर्मोस्टॅटला तोंड कुठलं? बोल्ट आवळले गेले. उस्तादांनी कूलंट ओतायला घेतलं.

काकू मला नुसत्याच बोटांत फिरवत होत्या. त्यांचा अंगठा माझ्या स्प्रिंगवर थांबला. तिथे तपकिरी थर होता. दुसरी बाजू बरीच स्वच्छ होती.

"दादा, हा स्प्रिंगच्या बाजूनेच एवढा का जळलाय?"

"वहिनी, ती बाजू इंजिनात असते ना," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा हात थबकला. त्यांनी कूलंटचा डबा खाली ठेवला. "बोल मलाच लावा," एवढंच पुटपुटत त्यांनी बोल्ट सोडवायला घेतले.

"नाही, घाई मीच केली," काकू म्हणाल्या. यावेळी त्यांनी एकदाही विचारलं नाही.

गाडी गेली तेव्हा एकला पंचवीस मिनिटं कमी होती. चाळीस मिनिटांचा रस्ता. मी टेबलावर पडून होतो. उस्ताद दुसऱ्या गाडीखाली शिरले, पण फोन उशाशी ठेवून. दीड वाजता तो वाजला.

"काटा मध्येच राहिला," काकूंचा आवाज आला. "नर्सबाई आम्हाला बघून कुरकुरल्या, पण जागा ठेवली होती. आत्ताच यंत्र लावलं."

उस्ताद गाडीखालून लगेच बाहेर आले नाहीत.

मित्रांनो, माझं काम संपलं, मला भंगारात टाका. फक्त टाकण्याआधी मिनिटभर हातात धरून नीट बघा. आणि काटा वर जाताना दिसला तर थांबा. गाडीत बसलेल्या माणसासाठी तरी.