मनगटापर्यंत लाल

आमच्या ह्यांचे हात लाल आहेत. रंगाऱ्याचे हात दुसरे कसले असणार? लोकरीच्या लड्या हंड्यात बुडवायच्या, काठीने फिरवायच्या आणि शेवटी हात घालून बघायचं, रंग धाग्याच्या आत शिरलाय की वरवर बसलाय. हे हातमोजे घालत नाहीत. म्हणतात, मोजे घालून कुणी लेकराचा ताप बघतं का? लग्नापासून मी ते हात लालच पाहिलेत. सकाळी जरा फिकट, संध्याकाळी गडद.

कामकरी माणसांचे फोटो काढत फिरणारा एक फोटोवाला आला तेव्हा मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं होतं. त्याने तो काढायला लावला. "काका, कामाचाच बरा. आणि हात धुऊ नका हं. असे गालाजवळ धरा. हसू नका." आमचे हे उभ्या जन्मात एवढा वेळ गप्प बसले नसतील.

पुढे एक दिवस शेजारचा शिंपी म्हणाला, "काकू, काकांचा फोटो लागलाय चौकातल्या प्रदर्शनात. भिंतभर मोठा." आम्ही दोघं नटूनथटून गेलो.

फोटोत रंगच नव्हता. सगळं काळंपांढरं. ह्यांचा चेहरा पांढराफटक आणि हात काळेकुट्ट, जळाल्यासारखे, सडल्यासारखे. खाली अक्षरं होती, 'आयुष्याची काजळी'. पुढे उभी असलेली बाई मुलीला सांगत होती, "बिचाऱ्याकडे हात धुवायलासुद्धा पाणी नसेल गं." ह्यांनी हात खिशात घातले. घर येईपर्यंत काढले नाहीत.

काजळी माझ्या दिव्याच्या काचेवर धरते. ती मी रोज पहाटे पुसते, दिवा लावते, प्रार्थना करते, मगच तोंडात पाणी घेते. कुणाला वाईट बोलायचं नाही, हाही माझा रोजचाच नेम. त्या दिवसापासून तो पाळायचा म्हणजे जीभ दाताखाली धरून बसायचं.

हे हंड्याजवळ जाईनात. मोरीत बसून हात घासायचे. साबणाने, राखेने, मग दगडाने. एकदा मोरीतून लाल पाणी वाहिलं आणि तो रंग नव्हता.

"अहो, काय चालवलंय हे?"

"निघतं का बघतोय."

"इतकी वर्षं काढायचं मनात आलं नाही, आताच का?"

"इतकी वर्षं मला वाटायचं, तो रंग आहे."

मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. रडू नव्हतं ते, संताप होता.

मागणी थांबत नाही म्हणून हंडा मीच लावला. शालवाली लड्या न्यायला आली आणि म्हणाली, "ह्या काय चिखलात लोळवून आणल्यात?" ह्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले.

अशात फोटोवाला पुन्हा उगवला. गळ्यात कॅमेरा, काखेत त्या फोटोच्या छोट्या प्रतीची गुंडाळी. "काकू, काकांच्या फोटोला पहिलं बक्षीस. आता तुमचा काढायचा. प्रार्थनेला बसलेला. तुम्ही फार शांत दिसता."

"तो फोटो खाली उतरव," मी म्हणाले.

"अहो, लोक रडतात त्याच्यासमोर."

"कशापायी?"

"काकांच्या कष्टांपायी."

"त्यांचे हात लाल आहेत."

"ते मला दिसतंय ना काकू. पण रंग असला की लक्ष रंगाकडेच जातं. माणूस राहतो बाजूला."

रंगाऱ्याच्या घरात, हंड्याला टेकून तो हे बोलला. माझ्या अंगाची लाही झाली. आवाज मात्र चढला नाही, मला तो चढवताच येत नाही.

"बाळा, हात दे," मी म्हणाले.

आशीर्वाद मिळतोय असं वाटून त्याने उजवा हात पुढे केला. मी मनगट धरलं आणि कोमट हंड्यात दाबलं. ओल्या लोकरीचे पिळे पिळून घट्ट झालेली मूठ आहे माझी.

"काकू, सोडा. उद्या बक्षीस घ्यायला जायचंय मला."

"जा की. फोटो काळापांढरा काढायला सांग."

त्याने हिसका देऊन हात बाहेर काढला. दोन बोटं लाल, बाकीची पांढरी, तळव्यावर नुसते ओघळ. मला रंगवणं कधी जमलंच नाही.

मागे खाट करकरली. हे उठून आले. त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, डोळे वटारून. "काय केलंस हे? असं रंगवतात? नुसते डाग पाडलेस."

"मग तुम्ही करा," मी म्हणाले.

ह्यांनी बाह्या सारल्या. "मूठ सोड," फोटोवाल्याला म्हणाले. "बोटं फाकव. आवळून धरलंस तर आत रंग पोचत नाही." आणि त्याच्या हातासकट आपले दोन्ही हात हंड्यात घातले, मनगटापर्यंत. कातडी सोलली होती तिथे झोंबलं असणार. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

फोटोवाला रडकुंडीला आला. "काका, निघेल ना हे?"

"माझा रंग?" हे म्हणाले. "तो फोटो उतरवून ये. मग सांगतो."

मग त्याचा हात तसाच दाबून धरून, माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "शालवालीच्या त्या लड्या आण. पुन्हा बुडवाव्या लागतील."