मास्तरांचं ‘बरं’

मास्तर “बरं” म्हणाले आणि डॉक्टरीणबाई खोलीबाहेर आल्या. फुप्फुसं थकली होती. आता घशातून नळी घालून श्वासाचं मशीन लावायचं ठरलं. दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची धाकटी बहीण मात्र डॉक्टरीणबाईंच्या वाटेत उभी राहिली.

“बाबांनी नको म्हटलंय,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्यासमोर ‘बरं’ म्हणाले की!”

“त्यांचं ‘बरं’ तुला माहीत नाही, दादा?”

माहीत नसायला काय झालं? मास्तरांचा जन्म शिलाई मशीनवर गेला. बाही आणखी घट्ट करा, कंबर आणखी आवळा, असं म्हणत गिऱ्हाईक अडून बसलं, की ते मापाची फीत गळ्यात टाकत आणि “बरं” म्हणत. मग शिवायचं ते स्वतःच्याच मनाने. आई होती तोवर म्हणायची, “ह्यांच्या ‘बरं’वर विसंबला, तो फसला.” पटलेल्या गोष्टीला मास्तर ‘हो’ म्हणत. तोंडात टाचण्या असल्या तरी तो ‘हो’ स्पष्ट ऐकू येई.

“मग बस आता डॉक्टरांना घरची भाषा शिकवत,” दादा म्हणाला. “त्यांना श्वास पुरत नाहीये आणि तू शब्दाचा कीस काढतेयस. ते गेले तर तुझं व्याकरण घेऊन काय करू मी?” शेवटी त्याचा आवाज फाटला.

डॉक्टरीणबाई अजून तिथेच होत्या. पेशंटने होकार दिलाय, असं म्हणून त्यांना निघून जाता आलं असतं.

“मी म्हणाले, ‘नळी घालू या, हं मास्तर?’” त्या सावकाश म्हणाल्या. “हे विचारणं कुठलं, सांगणंच झालं. चला, पुन्हा विचारू. तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही.”

आत जाऊन त्या स्टूल ओढून मास्तरांच्या डोळ्यांसमोर बसल्या.

“मास्तर, नळी घातली नाही तर हा श्वास फार दिवस पुरणार नाही. घातली तर कदाचित पुरेल. पण ती परत काढता येईलच, असं मी सांगू शकत नाही.”

“बोलता येईल?”

“नळी असताना नाही.”

मास्तर छताकडे बघत राहिले. “बरं.”

“हे ‘बरं’ म्हणजे हो, की नाही?”

मास्तरांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखे हसले, खोकले, पुन्हा हसले.

“घरभेदी!” ते म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंकडे वळले. “नाही. नळी नको.”

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिचं खरं ठरलं होतं. त्या खरेपणाचं काय करायचं, ते तिला कळेना.

“ठीक आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “धाप कमी वाटेल असं औषध देते. त्रास होणार नाही, पण झोप येईल. हळूहळू जास्तच येईल, मग बोलणंही होणार नाही. चालेल?”

आजवर त्या शब्दाचा तिला वैतागच आला होता. आता मात्र पलंगाची कड घट्ट धरून ती मनातल्या मनात विनवत होती, बाबा, ‘बरं’ म्हणा.

“हो,” मास्तर म्हणाले. अगदी स्पष्ट.