भट्टीच्या तोंडाशी गेलेला हजेरीपट

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. लांज्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी सहा वर्षे राबलो. माझी बांधणी रत्नागिरीत झाली, पाठीला लाल कापड लागले. कारखान्याचे मालक महिपतशेट तेव्हा येईल त्या पाहुण्याला मला कौतुकाने दाखवीत.

रोज सकाळी काजू फोडणाऱ्या बाया माझ्यावर अंगठे उठवीत. काजूच्या टरफलातल्या तेलाने त्यांची कातडी सोलून निघे. अंगठ्यावर रेघ म्हणून उरलीच नव्हती; उमटे तो नुसता निळा ठिपका. पुढच्या रकान्यात पगारातून कापलेला फंड कारकून दीपाली लिहीत असे.

त्या बायांतल्या आनंदीबाई म्हातारपणी काम सोडून आपला फंड काढायला गेल्या, तेव्हा कळले की त्यांच्या नावावर एक रुपयाही भरलेला नाही. फंड कार्यालयाची नोटीस आली. कापलेला फंड भरला नाही तर व्याज, दंड आणि वर फौजदारी खटला. शेटांचे धाबे दणाणले. दोन दिवसांत नवा पट तयार झाला. त्यात मोजकीच नावे होती, म्हणजे भरायचा फंडही मोजकाच; आनंदीबाईंचे नाव नव्हतेच. मला भट्टीत टाकायचे काम दीपालीवर आले.

त्या भट्टीत टरफले जळतात, मित्रांनो. तेच तेल माझ्या पानापानांत मुरलेले. लाल पाठ तापू लागली आणि मी भीतीने अर्धमेला झालो. दीपाली मला भट्टीच्या तोंडाशी धरून उभी होती. प्रत्येक पानाखाली तिची सही होती. मी वाचलो तर तीही अडकणार होती.

आपल्या फंडाची चौकशी करायला आनंदीबाई फाटकातून आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"माजा आंगठा हाय ना गो त्यात?"

दीपालीने माझे पहिले पान उघडले. मग म्हणाली, "आहे, काकी. पहिल्या पानापासून आहे."

तिने मला ओढणीत गुंडाळले आणि फंड कार्यालय गाठायला रत्नागिरीची एसटी पकडली.

सुनावणीत शेट म्हणाले, असले डाग कोणीही पाडील, खरे अंगठे नव्या पटात आहेत. त्यातल्या रेघा खरोखरच सुरेख होत्या. फंड कार्यालयाच्या साहेबांनी नव्या पटात नाव असलेल्या चौघींपुढे शाई आणि कोरा कागद ठेवला. चार निळे ठिपके उमटले. मग त्या रेघा कोणाच्या, ते शेटांना सांगता येईना.

व्याजासकट फंड भरायचा हुकूम निघाला, दंडही बसला. खटला अजून चालू आहे. दीपालीची नोकरी गेली. मी पुराव्याच्या कपाटात आहे आणि बाहेर कोणी काडी ओढली तरी माझा जीव गोळा होतो. मित्रांनो, घरातल्या कमावत्या माणसाला विचारा, कापलेला फंड भरला जातो का. आणि माझ्यासारखा पट हाती आला तर जपून ठेवा. आनंदीबाईंच्या अंगठ्यावर आता काही उरलेले नाही. त्यांच्या कामाची जी खूण आहे ती माझ्यातच आहे.