पाच जणांचा तंबू

"बाबा, पाय तरी आत घ्या! लोक बघताहेत."

धाकटीने हे दुसऱ्यांदा सांगितलं, तरी तंबूच्या दारातून बाहेर आलेले ते दोन पाय जागचे हलले नाहीत. तंबूंच्या दुकानामागच्या अंगणात ऊन नुसतं रणरणत होतं. या सुट्टीत सगळ्यांनी तळ्याकाठी मुक्कामाला जायचं ठरवलं होतं आणि तंबू आपणच निवडणार, असं भट्टीकराने घरात जाहीर केलं होतं. त्याला सगळी गल्ली भट्टीकर म्हणायची. बेकरीत रात्रपाळीला भट्टीपुढे उभं राहण्यात त्याची उमर गेली होती. तेव्हा उष्णतेबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं म्हणणं.

"कापड जाडच पाहिजे," तो आतून म्हणाला. "भट्टीच्या भिंती जाड असतात, म्हणून तर बाहेरचा माणूस भाजत नाही."

"अरे, पण भट्टीच्या आत पाव असतो," बाहेर स्टुलावर बसलेली त्याची आई म्हणाली. "आणि इथे आत आपण!"

थोड्याच वेळात भट्टीकर बाहेर आला तो घामाने निथळत. चेहरा लालबुंद. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.

तोवर थोरलीने दुकानातल्या बाईंना सांगून पलीकडे दुसरा तंबू लावून घेतला होता. फिक्या रंगाचा, पातळ. समोरासमोर दोन दारं, दोन्हींना जाळी, आणि वर मोकळी फट ठेवून ताणलेलं सावलीचं कापड. भट्टीकराने आधी नाक मुरडलं, मग जाळीपाशी हात धरला.

"वारा येतोय की गं!"

"मग? मघापासून काय सांगतेय मी?"

"हा पाच जणांचा आहे, पण हाच चार जणांचाही मिळेल," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "हलका आहे, लावायलाही सोपा."

बायको त्याच्याजवळ सरकली. "अहो, चारचाच घेऊ या का? पुढच्या वर्षी थोरली कुठे असणार आहे आपल्यात?"

सुट्टी संपली की थोरली नोकरीसाठी लांबच्या शहरात जाणार होती. तिथे रजा कधी मिळेल, कशी मिळेल, काही सांगता येत नव्हतं.

"आधी झोपून तर बघू," भट्टीकर म्हणाला.

पाचही जण आत शिरले. आजीला हात धरून मधे निजवलं, बाकीचे दोन्ही अंगांना. धाकटी थोरलीच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"काय गं?" भट्टीकराने विचारलं.

"काही नाही बाबा, तुम्ही पडा."

त्याला एकदम लक्षात आलं. तो दिवसा झोपायचा, म्हणून या मुली कुजबुजतच वाढल्या होत्या. घरात चमचासुद्धा कुणी आवाज करून ठेवत नसे. रात्री सगळे आडवे व्हायचे तेव्हा तो कामावर असायचा. असं सगळ्यांबरोबर अंग टाकून पडल्याचं त्याला फारसं आठवेना.

"अगं, मी जागा आहे," तो म्हणाला. "बोला की मोठ्यानं!"

आता काय बोलावं, तेच कुणाला सुचेना.

"माझ्या कमरेखाली दगड आहे!" आजी ओरडली.

धाकटी फिसकन हसली, तिच्यामागून थोरली, आणि मग सगळा तंबू हलायला लागला. भट्टीकर जरा उशिराच हसला. आधी त्याला ते ऐकायचं होतं.

बाहेर येऊन त्याने बाईंना सांगितलं, "पाच जणांचा द्या. हाच."

"अहो, पण..." बायको म्हणाली.

"जागा उरली तर सामान ठेवू."

"माझ्या जागेवर सामान?" थोरली म्हणाली.

"तू येईपर्यंत."

ती खाली वाकून खुंट्या उपटायला लागली.

तंबू उतरवला. आतली हवा काढायला धाकटी त्यावर गुडघ्यांनी रांगली. मग कापडाची दोन टोकं भट्टीकराने धरली, दोन थोरलीने, आणि दोघं अंगणाच्या दोन कडांना उभी राहिली. ती चालत त्याच्याजवळ आली, आपली टोकं त्याच्या हातात दिली, खाली लोंबणारी घडी उचलून पुन्हा मागे गेली. परत आली. पुन्हा मागे गेली. दर खेपेला अंतर निम्मं होत होतं.

शेवटी कापड हातभर उरलं. तिने तिची टोकं पुढे केली. भट्टीकराने ती घेतली, तिच्या बोटांसकट, आणि काही वेळ तशीच धरून ठेवली.