डाव्या खांद्याची भर

ही गेली, ते मला मेव्हणीकडून कळलं. हॉस्पिटलनं फोन तिला केला. भरती करताना हिनंच बहिणीचा नंबर दिला होता, कारण शिलाई मशीन चालू असलं की मला फोन ऐकू येत नाही. मेव्हणी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं रडून झालं होतं, माझं अजून सुरू व्हायचं होतं. स्वतःच्या बायकोच्या मरणातही माझा नंबर दुसरा लागला, ही गोष्ट मनातून जात नाही.

पुढे लेकीचा कॉलेजचा निकाल लागला. पहिल्या वर्गात पास झाली. आता नोकरी शोधायची, तर तयारी करून घ्यायला कोण? मेव्हणी. ती एका मोठ्या ऑफिसात नवीन माणसं निवडायच्या कामावर आहे. रोज संध्याकाळी यायची, माझ्या कापायच्या टेबलापलीकडे साहेब होऊन बसायची आणि लेकीला दाराबाहेरून 'आत येऊ का' विचारत यायला लावायची. पाठ ताठ ठेव, बोटं मोडू नकोस, 'म्हणजे' म्हणून वाक्य सुरू करू नकोस.

मी पडद्यामागे काजं करत बसायचो. हात कामात, कान तिकडे. एकदा मेव्हणीनं विचारलं, कामाचं वळण कुणाकडून घेतलं? लेक म्हणाली, आईकडून, आणि आता मावशीकडून. माझं काज जरा जास्तच कापलं गेलं. न राहवून मी आतूनच म्हणालो, की या घरात अजून एक माणूस काम करतं.

"भाऊजी, पडद्याआडून उत्तरं देऊ नका. नोकरी तुम्हाला नकोय," मेव्हणी म्हणाली.

दोघी हसल्या. पूर्वी लेकीबरोबर अशी ही हसायची.

मग मेव्हणीनं आपला काळा कोट आणला. दुकानातून तयार घेतलेला, तिलाही ढगळच. मुलाखतीला लेकीनं तो घालावा, मी फक्त बाजू आत घ्याव्यात. शिंप्याची पोर, आणि अंगावर उसना कोट. मी म्हणालो, तयार कपड्याला मी सुई लावत नाही. निम्मं दुकान त्याच्यावरच चालतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

वरच्या फळीवर राखाडी कापड होतं. लेक पदवीधर झाली की तिला कोट शिवायचा म्हणून हिनं गिऱ्हाइकांच्या नजरेआड ठेवलेलं. ते मी काढलं. लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, मावशीचा आहे ना. आता माप? आमच्या दुकानाची रीत अशी, की बायकांची मापं हिनं घ्यायची आणि आकडे मोठ्यानं सांगायचे, मी खडूनं लिहून कापायचं. लेकीलाही टेप हिनंच लावली, मी कधी नाही. आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पण लेकीची अंगकाठी आईची, उंचीही तीच. हिच्या कोटाचा कागदी साचा भिंतीला टांगलेला होता. तो कापडावर ठेवला आणि कात्री लावली.

मुलाखत सोमवारी होती. रविवारी दुपारी मेव्हणी शेवटची उजळणी घ्यायला आली, तेव्हाच मी कोट बाहेर काढला. मला तिचं तोंड बघायचं होतं.

लेकीनं कोट घातला. पाठ छान बसली. पण डावा खांदा वर आला, 'मला काय ठाऊक' म्हणून खांदा उडवावा तसा. मी हात फिरवला आणि कळलं. हिचा डावा खांदा उतरता होता. तो सरळ दिसावा म्हणून मी त्या बाजूला आतून भर जास्त घालायचो. इतकी वर्षं घालत आलो, तशी याही वेळी घातली. हातानं मला विचारलंच नाही.

लेक आरशात बघत राहिली. "बाबा, हा आईचा कोट झाला."

मेव्हणीनं तो तिच्या अंगावरून उतरवला आणि स्वतः घातला. दोघी बहिणींचे खांदे वडिलांवर गेलेले. कुठे एक सुरकुती पडली नाही. ती पाठमोरी उभी होती आणि मी टेबलाची कड धरून उभा होतो.

"मी ठेवू का हा, भाऊजी?"

"काढ," मी म्हणालो.

हॉस्पिटलचा फोन तिला, लेक तिच्या बाजूला, आणि आता हिचा खांदासुद्धा तिच्याच वाट्याला. तिनं मुकाट्यानं काढला आणि घडी घालून ठेवला. ती चिडली नाही, त्याचाही मला राग आला.

भर उसवली असती तर कोट लेकीला झाला असता. घटकाभराचं काम. मी कात्री उचलली, टाक्यापाशी नेली आणि खाली ठेवली. लेकीनं ते पाहिलं. तिनं काळा कोट चढवला आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"उद्या सकाळी जायचंय, बाबा. याला सुई लावता?"

लावली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

सोमवारी दुपारी मेव्हणी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. त्याच जागी. ती म्हणाली, पोरीला दुसऱ्या फेरीला बोलावलंय.

"पहिला फोन तिनं तुम्हालाच लावला होता. दोनदा. मशीन जरा थांबवत जा की."

राखाडी कोट खुंटीवर आहे, भरीसकट. दुसऱ्या फेरीसाठी मी नवं कापड आणलंय. मेव्हणीनं विचारलं, टेप मी धरू का, आकडे मोठ्यानं सांगेन. मी अजून हो म्हटलेलं नाही. लेकीचं माप घ्यायचं राहिलंय.