दादाची अर्धी गाडी

दादा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला, तेव्हा त्यानं गाडीची किल्ली धाकट्या बहिणीच्या हातात दिली आणि बजावलं, "ठमे, दर रविवारी इंजिन सुरू करायचं. धूळ पुसायची, ताडपत्री ओली राहू द्यायची नाही. आणि कुणालाही चालवायला द्यायची नाही, तुझ्या नवऱ्यालासुद्धा."

गाडी चाळीस वर्षांची होती. भंगारातून आणलेला सांगाडा दादानं सहा वर्षं खपून उभा केला होता. त्या नादात त्याचं लग्न राहून गेलं, असं ठमी म्हणायची.

पहिलं वर्ष ठमीनं सगळं पाळलं. मग नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला. एका सोमवारी फाटकाला कुलूप दिसलं आणि गल्लीतली निम्मी माणसं भर दुपारी घरी दिसू लागली. लोक मोठ्या जागा सोडून लहान जागांत जाऊ लागले. कुणी पलंग डोक्यावर घेऊन निघालं, कुणी शिलाई मशीन सायकलला बांधून. टेम्पोचं भाडं कुणालाच झेपत नव्हतं. कोपऱ्यावरच्या वेल्डरनं तोवर चार जुन्या गाड्या मागून कापून त्यांचे छोटे ट्रक करून दिले होते.

"दादांना आधी विचार," नवरा म्हणाला.

"विचारलं तर तो नाही म्हणेल. आणि नाही म्हटल्यावर कापली, तर ती चोरी होईल."

"आणि न विचारता कापली तर?"

ठमी उठली आणि ताडपत्री ओढून काढली.

वेल्डरनं पुढच्या सीटच्या मागे खडूनं रेघ मारली. कापलेलं छप्पर काचेवर पडू नये म्हणून ठमीनंच ते दोन्ही हातांनी उचलून धरलं. ठिणग्या उडत होत्या, दादाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, पण तिनं हात सोडले नाहीत. मागे ठोकायला फळ्या हव्या होत्या, म्हणून घरचा पलंग मोडला. त्या दिवसापासून दोघं जमिनीवर झोपू लागली.

ठमी गाडी चालवायला शिकली. दोन वर्षं दोघांनी लोकांची बिऱ्हाडं हलवली. आरसा गादीत गुंडाळून न्यायचा, कपाटाची दारं दोरीनं आवळायची, आणि घर सोडताना बाई रडायला लागली तर तिला पुढे बसवायचं, हे सगळं कामातूनच कळत गेलं.

दादा बंदरावरून फोन करायचा तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला. "गाडी बरी आहे ना?"

"मस्त चालतेय."

"रविवारी सुरू करतेस ना?"

"रविवारी काय, रोज करते."

फोन ठेवला की ती ताट बाजूला सारायची.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यानं कळवलं, गुरुवारी येतोय. आता लपवाछपवी पुरे, असं ठमीनं ठरवलं आणि स्टेशनवर तीच गाडी घेऊन गेली.

दादा बारीक झाला होता. खांद्याला बॅग लावून तो गाडीजवळून पुढे गेला, थबकला, मागे फिरला. बॉनेटवर हात ठेवला. तो हात तसाच कडेनं फिरवत तो मागे गेला, आणि दारापाशी हाताखालचा पत्रा संपला. तो ओरडणार म्हणून ठमी मनाची तयारी करून उभी होती. त्यानं बॅग फळ्यांवर टाकली आणि पुढे येऊन बसला.

घरी आल्यावर पाण्याचा पेला हातात धरून तो म्हणाला, "बोटीची कंपनी बुडाली. गाडी विकणार होतो मी. गिऱ्हाईक ठरवून आलोय."

ठमी उसळली. "विकणार होतास? तीन वर्षं फोनवरून मला धूळ पुसायला लावलीस, आणि विकणार होतास?"

"पुसलीस का तू धूळ?"

"एक वर्ष पुसली."

दादानं पेला खाली ठेवला. "बोटीवर झोप लागली नाही की मी गाडी डोळ्यांपुढे आणायचो. आधी दिवे, मग दार, मग मागची सीट. तिथं टेकलो की झोप लागायची." त्यानं दारातून गाडीकडे पाहिलं. "दोन वर्षं मी नसलेल्या सीटवर झोपत होतो, ठमे."

ठमीचे डोळे भरून आले. "सांगितलं नाही, ते चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तीच वेळ आली तर पुन्हा कापीन, दादा. खोटं नाही बोलणार."

चार दिवस दादा दोघांशीही बोलला नाही. आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसायचा.

पाचव्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली, आणि एका निवृत्त शिक्षिकेचं सामान हलवायचं कबूल केलेलं होतं. ठमी एकटीच निघाली. तिनं गाडी सुरू केली तसा दादा मागे चढला.

बाईंचं जुनं घर चार खोल्यांचं, नवी जागा एका खोलीची. पुस्तकांचं लोखंडी कपाट दारातून आत जाईना. बाई रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "राहू दे. देऊन टाका कुणालातरी." दादानं कपाटाला चारी बाजूंनी पाहिलं आणि ठमीकडे पाना मागितला. दारं उतरवली, पाय काढले, कपाट आडवं करून आत सरकवलं आणि आत नेऊन पुन्हा जोडलं. मग तो एकेक पुस्तक बाईंच्या हातात देत बसला. बाईंना लावण्याची घाई नव्हती, त्यालाही नव्हती.

परतताना गाडी खड्ड्यात आदळली तशी त्यानं टपावर थाप मारली. ठमी थांबवून उतरली, तर तो फळ्यांखाली वाकून बघत होता.

"सांगाडा तडकलाय इथं. आतून पट्टी मारायला हवी होती. भरल्या गाडीत मोडला असता म्हणजे?"

"वेल्डरला कळलं नसेल रे."

"त्याला कुठून कळणार? गाडी मी बांधली होती."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडी वेल्डरकडे घेऊन गेला. दिवस मावळता परतला, हात काळे करून. ताट वाढून घेतलं आणि या वेळी आत येऊन बसला.

"राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"असू दे," म्हणत ठमीनं सरकून त्याला जागा केली.

वेल्डरनं त्याला कामावर ठेवून घेतलं. कापायला जुन्या गाड्या येतच होत्या, आणि कुठं कापायचं नाही ते दादाला नेमकं ठाऊक होतं. काम त्याला आवडत नव्हतं, पण तो ते नीट करायचा. कटर हातात घेण्याआधी गाडीच्या मालकाला म्हणायचा, "एकदा मागे बसून घ्या हवं तर. मला घाई नाही."

कुणी हसून नको म्हणायचे. कुणी खरंच दार उघडून आत जाऊन बसायचे, आणि तेवढा वेळ दादा रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा.